लामोमचा आवाज

मी आयुष्यात किती बायका बोलले याची मोजदाद नाही. राण्या बोलले, नर्सा बोलले, हडळी बोलले. एका चिनी चित्रपटात तर सासू, सून आणि दोघींमधलं मांजर, तिघी मीच होते. आमच्या थानाम गावाला बँकॉकहून रिळं यायची, सोबत संवादांची चार-पाच पानं यायची, आणि पडद्यावरच्या सगळ्या पुरुषांचं तोंड माझा नवरा खामरोन, सगळ्या बायकांचं तोंड मी. प्रोजेक्टरच्या खोलीत, भिंतीतल्या चौकोनी भोकासमोर, एका मायक्रोफोनवर दोघं. पोस्टरवर आमची नावं नटांच्या वर आणि नटांपेक्षा मोठी असायची. लोक तिकीट काढताना आज काय लागलंय असं विचारायचेच नाहीत. आज खामरोन आणि सायपिन आहेत ना, एवढंच विचारायचे. सायपिन म्हणजे मी.

खामरोनची एक पद्धत होती आणि तिच्यावर आमचं पोट होतं. रोज सकाळी तो नदीकाठच्या बाजारात कॉफीच्या टपरीवर दोन तास बसायचा. कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली, कुठला हवालदार कोणाकडे जेवायला जातो, गिरणीवाल्याने तिसरी बायको केली म्हणतात ते खरं का, हे सगळं गोळा करायचा आणि दुपारच्या खेळाला पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी घालायचा. जपानी योद्धा तलवार उपसून म्हणायचा, "थांब, आधी गिरणीवाल्याच्या तिसरीला विचारून येतो." लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. ज्याचं नाव निघालं तोसुद्धा हसायचा आणि दुसऱ्या दिवशी बायकापोरांना घेऊन यायचा. यात कोणाचं वाईट झालेलं मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. किंवा दिसत होतं आणि मी बघत नव्हते.

चित्र काही का दाखवेना, लोक आमचं ऐकतात, असा आम्हाला माज होता. तो उगाचच नव्हता. एकदा एका चित्रपटात नायक मेला आणि पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. मी आयत्या वेळी म्हटलं, "दमलाय बिचारा, झोपू दे त्याला." छातीत सुरा घेऊन डोळे उघडे टाकून पडलेल्या त्या माणसाला चारशे लोकांनी झोपलेला मानलं आणि समाधानाने घरी गेले. त्या दिवशी खामरोन मला म्हणाला, "तू यमाच्या हातून परत आणशील माणूस." मी ते खरं मानलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

ज्या चित्रपटावरून ते झालं तो कुठल्या देशाचा होता ते मला आजतागायत माहीत नाही. गोऱ्यांचा, काळापांढरा. बँकॉकवाल्यांनी त्याला नाव दिलं होतं ‘काळ्या हातमोज्यांची नागीण’. गुरुवारी दुपारी पहिला खेळ लागला. नागीण म्हटल्यावर थिएटर गच्च भरलं. आणि पडद्यावर पाऊस सुरू झाला. पाऊस, ओला रस्ता, रस्त्यावर एक दिवा, दिव्याखाली टोपी घातलेला एक माणूस. तो सिगारेट पेटवतो. ओढतो. जिन्यावरून एक सावली उतरते. तो परत ओढतो. मी संवादांची पानं चाळत बसले होते, पहिल्या बारा मिनिटांत एक शब्द नव्हता.

पुढच्या बाकांवर सायकलरिक्षावाले बसायचे. त्यांच्यातून सुरुवात झाली.

"शेठ, विजेचं बिल भरलं नाही काय? काही दिसंना झालंय."

"दिसतंय की. धूर दिसतोय."

"दुसरी पेटवली त्यानं. अरे, कोणीतरी बोला त्याच्याशी. एकटा पडलाय."

कलिंगडाच्या बियांची सालं पडद्याकडे उडायला लागली. बायका आपापसांत मासळीचे भाव बोलायला लागल्या. मधल्या रांगेत शाळेचे सानान मास्तर एकटे पुढे वाकून बसले होते. थिएटरात लोकांना गप्प करू बघणारा तेवढा एकच माणूस. मध्यंतरात ते जिना चढून वर आले आणि म्हणाले, "बाई, या चित्रपटात तुम्ही जितकं कमी बोलाल तितकं बरं. त्या सावल्या बघा. ती बाई अर्धा चित्रपट पाठमोरी आहे, तिचा चेहरा तो मुद्दाम दाखवत नाही. याला कला म्हणतात." मी मान डोलावली. मला चित्रपट आवडला होता, खोटं कशाला सांगू. ती बाई हातमोजे एकेक बोट ओढून काढायची, त्यात एवढा तोरा होता की माझे हात मला घामट वाटायला लागले.

पण संध्याकाळच्या खेळाला साठ माणसं होती. थिएटरचे मालक हेंगशेठ वर आले. चिनी माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत.

"सायपिनबाई, मी तुम्हाला बोलायचा पगार देतो. गप्प बसायला माझी बायको आहे घरी."

"पानावर काही लिहिलंच नाही, शेठ."

"पानावर नाही तर बाजारातून आणा. आठवड्याचं भाडं भरलंय मी या सिगारेटवाल्याचं."

शुक्रवारी सकाळी खामरोन कॉफीच्या टपरीवर तीन तास बसला.

आता लामोमबद्दल सांगते. होडीच्या धक्क्यावर, पायऱ्यांच्या वरच्या अंगाला ती बसायची. पानातला भात विकायची, चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून, मध्ये केळं घालून, केळीच्या पानात बांधून वाफवलेला. मी चार वर्षं रोज सकाळी तिच्याकडून दोन घेत होते. ती उत्तरेकडची, लग्न होऊन खाली आलेली. तिकडच्या बायकांसारखा तिच्या बोलण्याला हेल होता, वाक्याचं शेपूट लांबवायची. "घ्या की होऽ, गरम आहेत की होऽ." तीन महिन्यांपूर्वी तिचा नवरा थावी त्याच धक्क्यावर सापडला होता, पाठीत गोळी लागलेला. पोलिसांनी लामोमला तीन दिवस ठेवलं आणि सोडून दिलं. कारण त्या संध्याकाळी ती तापाने फणफणलेल्या पोरीला घेऊन दवाखान्यात बसली होती आणि नर्सने तशी जबानी दिली. पण त्याच आठवड्यात गिरणीत इंजिन दुरुस्तीला आलेला एक मिस्त्री गाव सोडून गेला. तो टोपी घालायचा आणि रोज धक्क्यावर भात खायचा. गावाला एवढं पुरलं. दवाखान्यात बसून राहिली तीच तिची चलाखी, असं बायका म्हणायला लागल्या. सासूने नातीला नदीपलीकडे आपल्याकडे नेऊन ठेवलं. लामोमला म्हणाली, लोकांची तोंडं बंद होऊ दे, मग घेऊन जा पोरीला. आणि ती तोंडं बंद होत आली होती. गाव नव्या चोरीबद्दल बोलायला लागलं होतं.

शुक्रवारी दुपारी तोच पाऊस, तोच दिवा, तोच टोपीवाला. त्याने सिगारेट पेटवली आणि खामरोनने मायक्रोफोन जवळ ओढला. जड, झोपाळलेल्या आवाजात म्हणाला, "सकाळी धक्क्यावर पानातला भात खाल्ला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

थिएटर एकदम चिडीचूप झालं. बियांचा आवाजही थांबला. मग कुठून तरी एक बाई खुदकली, आणि हसू मागून पुढे असं पसरत गेलं की बाकं हलली. पडद्यावर ती बाई जिना उतरून आली. पाठमोरी. तिचे ओठ दिसत नव्हते, त्यामुळे तिच्या तोंडी काहीही घालता येत होतं. खामरोनने माझ्याकडे बघितलं. मी काहीही म्हणू शकले असते. पाऊस किती पडतोय म्हणाले असते तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "अजून एक घ्या की होऽ. नवरा झोपलाय की होऽ."

हुबेहूब लामोम. मी ठरवलं नव्हतं, असं सांगून मी स्वतःला बरीच वर्षं फसवलं. जिभेवर ते आलं तेव्हा गोड लागलं, एवढं खरं. चारशे माणसं एका श्वासात माझ्या हातात आली. त्या क्षणाला काय वाटतं ते मायक्रोफोनवर न बसलेल्या माणसाला सांगून कळणार नाही.

शनिवारी लोक उभे राहून बघत होते. रविवारी पलीकडच्या गावांतून बैलगाड्या आल्या. तोच चित्रपट, ज्याला गुरुवारी नाकं मुरडली होती, आता सगळ्यांना थोर वाटायला लागला. रिक्षावाले टोप्या घालून यायला लागले, एकाने चक्क दिव्याखाली उभं राहून सिगारेट ओढायची तालीम केली. बाजारातल्या पोरी हातात काळे मोजे घालून हिंडल्या, पायातले. बायका म्हणायच्या, अगदी तश्शीच चालते हो ती, पाठीवरून ओळखावं. पडद्यावरच्या गोऱ्या बाईची आणि लामोमची पाठ एकच, असं चारशे लोकांना दिसत होतं. ज्यांनी लामोमला कधी पाहिलंच नव्हतं त्यांनाही. हेंगशेठनी चित्रपट आणखी एक आठवडा ठेवला.

मी त्या दिवसांत सकाळी भात आणायला गेले नाही. खामरोनला म्हटलं, पोट बरं नाही.

बुधवारी दुपारच्या खेळाआधी लामोम थिएटरच्या मागच्या दाराशी आली. मी बादलीत तोंड धूत होते. मला वाटलं, आता ही झिंज्या धरणार. मी तयारही होते, धरल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने केळीच्या पानातल्या दोन पुड्या पायरीवर ठेवल्या.

"बरेच दिवस आला नाहीत, ताई."

"पोट बिघडलं होतं."

"मग आज एकच खा की हो." ती खाली बसली. "माझा आवाज चांगला काढता म्हणे. मी नाही ऐकला. धक्क्यावर पोरं काढून दाखवतात, पण त्यांना जमत नाही."

मी बादलीशीच उभी राहिले. तोंडावरचं पाणीही पुसलं नाही.

"मी भांडायला नाही आले. भांडून काय होतंय. पोलिसांनी मला सोडलं, ते कोणी ऐकलं नाही. नर्सबाईंनी सांगितलं, तेही कोणी ऐकलं नाही. तुमचं मात्र सगळं गाव ऐकतं. तुम्ही मारेकरी म्हणालात, मी झाले मारेकरी. मग तुम्हीच एकदा म्हणा ना, की मी नाही मारलं."

"कसं म्हणू?"

"माझ्याच आवाजात. पडद्यातून. म्हणायचं, मी मारलं नाही. तो माणूस फक्त भात खायला यायचा. माझी पिकुल तापली होती, मी तिच्या उशाशी होते." तिने हे पाठ करून आणलं होतं, शाळेतल्या कवितेसारखं. "रविवारी सासूबाईंना घेऊन येते दुपारच्या खेळाला. त्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नाही. मागच्या महिन्यात म्हणत होत्या, पावसाआधी पोरीला पाठवते. आता म्हणतात, नदीपार ऐकू येतंय गं तुझं. त्यांना एकदा ऐकू दे की हो, सगळ्यांच्या देखत. बाकी काही नको मला."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, आणि मला हलकं वाटलं. ती गेल्यावर मी दोन्ही पुड्या खाल्ल्या.

खामरोनने ऐकलं तेव्हा तो दाढी करत होता.

"डोकं फिरलंय का तुझं? शेवटी ती बाई त्या टोपीवाल्याला गोळी घालते. सगळ्या थिएटरासमोर."

"त्याच्या आधी खिडकीपाशी बसते ना ती. तोंडावर पट्ट्यापट्ट्यांची सावली पडते तिथं. एक मिनिटभर कोणी काही बोलत नाही. तिथं म्हणीन."

"आणि गोळी?"

"गोळीला म्हणीन, चुकून सुटली. मेलेल्याला झोपवलं होतं मी, विसरलास?"

"तिथं लोकांना तो जिवंत हवा होता, सायपिन," तो आरशात बघत म्हणाला. "इथं तिला निर्दोष कोणाला करायचंय?"

माझा नवरा उथळ होता, पण धंद्यातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मी त्याच्यावर चिडले. मनात दुसरीही गोष्ट आली होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. खेळ थांबवायचा, दिवे लावायचे आणि माझ्या स्वतःच्या आवाजात सांगायचं: मंडळी, ते आम्ही रचलं होतं, त्या बाईचा काही संबंध नाही, आमचं चुकलं. वीस सेकंदांचं काम. ते मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण मग पोस्टरवर नाव उरलं असतं का, हेंगशेठ काय म्हणाले असते, रिक्षावाल्यांनी काय फेकून मारलं असतं, हेही त्याच वेळी सुचलं. आणि स्वतःच्या आवाजात मी लोकांसमोर कधी बोललेच नव्हते. दुसरीच्या तोंडून माफी मागणं मला जमण्यासारखं होतं.

रविवारी मी भोकातून बघितलं तेव्हा त्या दोघी चौथ्या रांगेत होत्या. लामोमने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. शेजारी च्याम आजी, तिची सासू, बारीक कापलेले पांढरे केस, मांडीवर पानाचा डबा, पाय बाकावर घेऊन बसलेली. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघत होत्या. नागीण स्वतः आली म्हणून रिक्षावाल्यांत कुजबुज झाली. सानान मास्तरही होते, पाचव्यांदा. आमच्या बोलण्याबद्दलची त्यांची तक्रार एव्हाना बंद झाली होती. उलट कॉफीच्या टपरीवर ते सांगत होते की अशा चित्रपटाला स्थानिक रंग दिल्यामुळे एक वेगळीच गंमत येते.

पाऊस, दिवा, सिगारेट. खामरोनने भाताचं वाक्य गाळलं, एवढं त्याने माझ्यासाठी केलं. बाई जिना उतरली. मी गप्प राहिले. मायक्रोफोनवर हात ठेवून गप्प राहिले. आणि माझ्याऐवजी थिएटर बोललं. मागच्या रांगेतून, बाजूने, पुढच्या बाकांवरून, बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांनी एका सुरात हेल काढून म्हटलं, "अजून एक घ्या की होऽ. नवरा झोपलाय की होऽ." आणि टाळ्या. चौथ्या रांगेत लामोमची मान खाली गेली. च्याम आजी आश्चर्याने चोहीकडे बघत होती. या सगळ्यांना हे पाठ कसं, असं काहीतरी तिने लामोमला विचारलं असावं.

तासाभराने खिडकी आली. बाईचा चेहरा पहिल्यांदा पुरता समोर आला, त्यावर खिडकीच्या झडपेच्या पट्ट्यापट्ट्यांची सावली. ओठ मिटलेले. मी श्वास घेतला आणि लामोमच्या आवाजात, हेल न ताणता, तिने सांगितलं होतं तसं म्हटलं.

"मी मारलं नाही. तो माणूस फक्त भात खायला यायचा. माझी पिकुल तापली होती, मी तिच्या उशाशी होते."

मी आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलले नाही. कोणी हललं नाही. बिया नाहीत, खोकला नाही. च्याम आजीने तोंड वळवून सुनेकडे बघितलं, आणि मला वरून एवढंच दिसलं की म्हातारीचा हात पानाच्या डब्यावरून उचलला गेला. तो लामोमच्या गुडघ्याकडे चालला होता. मी मनात म्हटलं, झालं. जिंकलं.

पडद्यावर बाईने टेबलाचा खण उघडला. आतून काळा हातमोजा काढला. सावकाश, एकेक बोट करत चढवला. मग खणातून पिस्तूल घेतलं.

पुढच्या बाकावरून कोणीतरी, अगदी हळू, कौतुकाने म्हटलं, "फक्त भात खायला यायचा."

थिएटर फुटलं. तसं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. सानान मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते, शेजाऱ्याला मोठ्याने सांगत होते, "वा, काय लिहिलंय. गुन्हेगार असाच बोलतो. डोळ्यात पाणी आणून." गोळी सुटली. टोपीवाला पायऱ्यांवरून घरंगळला. मी म्हणाले, चुकून सुटली हो, चुकून, आणि त्यावर तर लोकांनी बाकं बडवली. त्या खेळाला माझ्या प्रत्येक शब्दावर हशा होता. म्हातारीचा हात परत डब्यावर गेला होता.

चित्रपट संपला आणि राजगीत सुरू झालं. आमच्याकडे राजगीत खेळाच्या शेवटी लागायचं आणि ते संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, आजही हलत नाही. चारशे माणसं ताठ उभी राहिली, हसू दाबल्याने खांदे हलत होते. त्यांच्या मध्ये पांढऱ्या सदऱ्यातली लामोम, शेजारी सासू. तिला पळता येत नव्हतं, चेहरा झाकता येत नव्हता. मी भोकातून तिच्या पाठीकडे बघत उभी होते, मलाही हलता येत नव्हतं. ती गोऱ्या बाईसारखी मुळीच नव्हती. एक खांदा खाली असलेली, भाताची पाटी वाहून वाहून वाकलेली पाठ.

धक्क्यावर काय झालं ते होडीवाल्याने सांगितलं. होडीत पाय ठेवताना म्हातारीने विचारलं, "ती बाई एवढं सगळं बोलली, मग लगेच गोळी का घातली तिनं?" ती सिनेमातली आहे, मी नाही, असं लामोमने म्हणावं तर तिनेच म्हातारीला आणलं होतं, ऐका, ती मी आहे, म्हणून. म्हातारी म्हणाली, "पोर माझ्याकडेच राहू दे."

सोमवारी आणि मंगळवारी लामोम धक्क्यावर बसली. येणारा जाणारा म्हणायचा, फक्त भात खायला आलोय हं. कोणी रागाने नाही, सगळे हसून. खातही होते. बुधवारी सकाळी ती उत्तरेकडच्या गाडीत बसून माहेरी निघून गेली. खामरोनला त्याच आठवड्यात मोठ्या शहरातल्या थिएटरकडून बोलावणं आलं. तो म्हणाला, तुझ्या त्या एका वाक्याची कीर्ती तिथवर पोचलीय.

मी दहा दिवसांनी नदी ओलांडली. च्याम आजी घराच्या पायऱ्यांवर सुपारी कातरत बसली होती. मी खाली मातीत बसले, हात जोडले, आणि सगळं सांगितलं. माझ्या स्वतःच्या आवाजात. खामरोनची कॉफी, ती पाठमोरी बाई, मी काय बोलले, का बोलले, लामोमने काय मागितलं, आणि गोऱ्या देशातल्या त्या चित्रपटाचा थानामशी काही संबंध नाही. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"हे तिथंच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "दिवे लावून. सगळे बसले होते की."

मी जोडलेले हात सोडले.

"आता मला एकटीला सांगून काय करू मी? मानलं मी. मला तर नर्सबाईंचंही पटलं होतं. पण ती गेली. पत्ता ठेवला नाही. पोरीला शाळेत पोरं काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे, तूच लिहून दिलंस त्यांना." तिने अडकित्ता खाली ठेवला. रागावलेली नव्हती, नुसती थकलेली होती. घराकडे मान करून म्हणाली, "परवापासून जेवत नाही ती. आत भिंतीकडे तोंड करून बसलीय. आई आली तरच जेवेन म्हणते."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तू काढतेस ना तिचा आवाज. सांग तिला, जेव म्हणून. इथूनच. दिसायला नको."

मी नाही म्हणायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही. आत सात वर्षांची पोर उपाशी होती. मी घसा साफ केला. दाराकडे तोंड केलं.

"पिकुल. जेव की हो बाळा. गार होईल की होऽ."

आतून ताटली फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. चमचा वाजला. म्हातारीने डोळे मिटून घेतले. आम्ही दोघी तो चमच्याचा आवाज ऐकत बसलो. पोर भराभर जेवत होती, घास गिळताना तिला ठसका लागला, पाणी प्यायली, परत जेवली.

मग आतून म्हणाली, "आई, जेवले. आता आत ये ना."

म्हातारीने मला हाताने खूण केली, जा. मी चपला हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून, आणि धक्क्याकडे चालायला लागले. मागून पोर परत हाक मारत होती.